कमरेची किल्ली

बेहडीटोल्यात मुन्नीबाई पटले कोण म्हणून विचारलं, तर लोक नाव-गाव सांगत बसत नाहीत. "ते किल्लीवाली न?" म्हणतात आणि कालव्याच्या अंगाला बोट दाखवतात. डाव्या कमरेला, पातळाच्या निऱ्यांशेजारी, काळ्या गोफात ओवलेली एकच किल्ली. घराची नव्हे. घराला तिनं जन्मात कुलूप लावलं नाही, लावावं असं आत होतं तरी काय? ती किल्ली गावातल्या आरोग्य उपकेंद्राची, आणि त्यातही एकाच खोलीची. बाळंतपणाच्या खोलीची.

हे बेहडीटोला म्हणजे इटियाडोह धरणाच्या कालव्याचं शेपूट. पाणी पोचलं तर पोचलं, नाहीतर वरच्या गावांनी पिऊन उरलेला चिखल. दीडशेक घरं, त्यातली निम्मी पोवारांची. आम्ही माळव्यातून आलेलो, आमच्या बाया स्वतःच्या धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उतरतील, पण दुसऱ्याच्या अंगणात झाडू मारणार नाहीत, अशी पोवारांची ऐट. ती ऐट मुन्नीबाईनं मोडली. शौक म्हणून नव्हे. नवऱ्यापायी मोडली.

तिचा नवरा कुंजीलाल तापानं गेला. चंचल, त्यांची एकुलती एक पोर, तेव्हा दीड वर्षाची होती. ताप मेंदूत चढला तसा त्याला बैलबंडीत घालून मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं, तिथं दोन तास कोणी गाडी थांबवेना, मग एका धानाच्या व्यापाऱ्यानं जीपमध्ये घेतलं. कोहमाऱ्याच्या चौकात तो गेला. गोंदियाची अर्धी वाट अजून बाकी होती. डॉक्टर म्हणजे काय ते त्यानं बघितलंच नाही. तेव्हापासून मुन्नीबाईच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की गावात दवाखाना असता तर.

वर्षभरानं पंचायतीत निरोप आला, की उपकेंद्र मंजूर आहे पण जागा नाही. कोणी दान देईल तर त्याच्या घरच्या एकाला अर्धवेळ परिचर म्हणून लावू. सगळे मोठे शेतकरी मान खाली घालून बसले. मुन्नीबाई उठली आणि नवऱ्याच्या वाटणीची खळ्याची जागा लिहून दिली. तिचा जेठ केशोराव, कुंजीलालचा थोरला भाऊ, एवढा संतापला की त्यानं त्या घरचं पाणी सोडलं. पटल्यांची सून सरकारी फरशी पुसणार! मुन्नीबाई पुसायला लागली. बावीस वर्षं पुसते आहे.

आता त्या नोकरीचं नाव ऐका. अर्धवेळ. सकाळी आठला जायचं, दिवेलागणीला परतायचं, आणि नाव अर्धवेळ! उरलेला अर्धा वेळ कुठला, ते देणाऱ्यालाच ठाऊक. पगार सांगायला मलाच लाज वाटते म्हणून सांगत नाही. झाडू, फरशी, पाणी, लसीचा थंड डबा आरोग्य केंद्रातून एसटीनं मांडीवर घेऊन यायचा, घरोघरी जाऊन लेकुरवाळ्यांना हाका मारायच्या, बाळंतिणीचा हात धरायचा, नंतरचे कपडे धुवायचे, वार मागच्या खड्ड्यात पुरायची. कागदावर बाळंतपणं सिस्टरची. पण आसपासच्या चार टोल्यांतल्या किती पोरांना पहिल्यांदा उचललं ते मुन्नीबाईच्याच हातांनी, याची नोंद कुठल्या रजिस्टरात नाही. तिला त्याचं काही वाटत नसे. आपल्या खळ्यावर धान मळायचं ते आता माणसं जन्मतात, असं ती हसत सांगायची.

मग उपकेंद्राचे दिवस पालटले. पिवळा रंग आला, नवा फलक आला, भिंतीवर योगासनं करणारी चित्रं आली. बाळंतपणाच्या खोलीत नवं टेबल, नवी गादी, बाळाला ऊब देणारं यंत्र, न रडणाऱ्या बाळाच्या तोंडावर धरून हवा भरायची रबरी पिशवी, सगळं सगळं आलं. भिंतीला एक मोठं चित्र लावायला आलं, ते मुन्नीबाईनंच स्टुलावर चढून चिकटवलं. 'पहिलं मिनिट सोन्याचं', असं त्यावर लिहिलेलं. बाळ रडलं नाही तर एका मिनिटाच्या आत श्वास द्या. ते वाचून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गोंदिया आपल्या खळ्यावर आलं असं तिला वाटलं.

आलं खरं. पण सोबत तपासणीही आली.

दर्जाचं प्रमाणपत्र मिळवायचं होतं. बाहेरून पथक येणार, शेकडो प्रश्नांचा कागद भरणार, गुण देणार. गेल्या दिवाळीनंतर पहिल्यांदा पथक आलं त्याच्या आदल्या दिवशी पल्याडच्या गोंडटोलीतली एक बाई अडली होती, तिला इथंच मोकळं केलं. माय सुखरूप, पोरगं सुखरूप, पण नव्या गादीवर डाग राहिला. धुवून धुवून मुन्नीबाईच्या बोटांची सालं निघाली तरी राहिला. पथकानं तो डाग बघितला. पोरगं कोणी बघितलं नाही. थोडक्या गुणांनी प्रमाणपत्र हुकलं आणि सिस्टरला वरून नोटीस आली.

ही सिस्टर दुर्गेश्वरी. गोंदियाची, रोज अप-डाऊन करणारी. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. स्वतःच्या पर्समधून गोळ्या द्यायची, म्हाताऱ्यांची पायपीट वाचावी म्हणून उशिरापर्यंत थांबायची. पण कंत्राटी. मार्चमध्ये कंत्राट वाढणार की नाही ते या प्रमाणपत्रावर टांगलेलं. नोटीस वाचून ती ओट्यावर बसून रडली. मग उठली, खोलीला नवं कुलूप लावलं आणि किल्ली मुन्नीबाईच्या हातात ठेवून म्हणाली, "मुन्नीबाई, मेरे फोन के बिना ये खोली खुलनी नहीं चाहिए. तुम्हारे सिवा मेरा किसीपे भरोसा नहीं."

भरोसा! बावीस वर्षांत मुन्नीबाईला झाडू दिला होता, फिनाईलची बाटली दिली होती, बोलणी दिली होती. भरोसा पहिल्यांदाच कोणी दिला. तिनं चंचलच्या लहानपणीच्या करदोट्यात, त्या काळ्या गोफात, किल्ली ओवली आणि कमरेला बांधली. आंघोळीलाही काढली नाही. पुढच्या दोन महिन्यांत तीन बाया दारी आल्या, कण्हत, भिंतीला धरून. तिघींनाही तिनंच सांगितलं, की खोली बंद आहे, वरच्या दवाखान्यात जा. वरचा दवाखाना अठरा किलोमीटर. दोघी पोचल्या, एक जंगलाच्या वळणावर टेम्पोतच बाळंत झाली. मुन्नीबाईला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं बोलायचं तर नाही म्हणताना तिचा हात किल्लीवर जायचा आणि मनात कुठंतरी बरं वाटायचं. माणूस गरीब असला म्हणजे अधिकाराचा भुकेला नसतो असं थोडंच आहे?

जानेवारीत पुन्हा तपासणी ठरली. गुरुवारी पथक येणार होतं.

चंचल तेव्हा माहेरी आलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. सासर साकोलीकडचं, जावई रोशन तिथं राईस मिलमध्ये. आठवा सरत आला होता. मुन्नीबाईनं जवळच्या प्रतापगडला महादेवाला नवस बोलला होता आणि त्याच चढावर दर्ग्यालाही चादर कबूल केली होती. एकानं नाही ऐकलं तर दुसरा ऐकेल. चंचलचा हात रांगोळीला फार सुरेख. म्हणून बुधवारी सकाळी मुन्नीबाईच तिला म्हणाली, की पाहुणे यायचे आहेत, व्हरांड्यात चांगली मोठी रांगोळी काढून दे. सिस्टरनंच तसं सुचवलं होतं. सिस्टर आणि गावची आशा सेविका, आशाताई, दोघी तालुक्याला गेल्या होत्या, तपासणीच्या शेवटच्या बैठकीला. बैठकीत फोन बाहेर ठेवायला लावतात.

पोर दोन तास उकिडवी बसून रांगोळी काढत होती. मध्ये कमळ, भोवती वेली, कडेला 'सुस्वागतम्'. आई खिडक्यांच्या काचा पुसत होती. साडेअकराच्या सुमारास चंचलनं हाक मारली. मुन्नीबाईनं वळून बघितलं तर कमळाचा गुलाबी रंग पाण्यात वाहून चालला होता.

दिवस पुरे भरले नव्हते आणि कळा तर लागोपाठ. बावीस वर्षांच्या हातांना ते लगेच कळलं. ही तासाभराच्या आतली गोष्ट. तिनं दवाखान्याच्या गाडीला फोन लावला. चाळीस गावांना एक गाडी, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गोंदियाकडे निघालेली. ड्रायव्हर भला माणूस, म्हणाला परत फिरलो की येतो, दीड तास तरी धरा. मग तिनं सिस्टरला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा. आशाताईचा लावला, तो तर बंदच.

चंचलला तिनं व्हरांड्यात सतरंजीवर घेतलं. पुसातली थंडी, उत्तरेकडं तोंड असलेला व्हरांडा, फरशी नुसती बर्फ. दोन पावलांवर ती खोली. आत नवी गादी, ऊब देणारं यंत्र, रबरी पिशवी, सोन्याचं मिनिट. दारावर कुलूप.

आता तुम्ही म्हणाल, किल्ली कमरेला होती की! चंचलही तेच म्हणाली. दोन कळांच्या मधे, ओठ चावत, आईच्या कमरेकडं बघत म्हणाली, "किल्ली तं तुझ्या कमरेलेच आहे न, माय."

"थांब माय थोडी," मुन्नीबाई म्हणाली, "सिस्टरले विचारून राहिली."

हे बोलताना तिला स्वतःचं काही चुकतंय असं वाटलंच नाही, हे कोणाला पटणार नाही. उद्या पथक. गादीवर पुन्हा डाग पडला तर सिस्टरची नोकरी जाणार, आपली जाणार, आणि घरच्याच बाईसाठी खोली उघडली असं गाव म्हणणार. त्या तिघींना परत पाठवलं आणि स्वतःच्या लेकीला आत घेतलं, असं तोंडावर म्हणणार. उघडते, पण एकदा हो म्हणू दे कोणी. एवढंच तिला हवं होतं. जन्मभर हुकूम घेतलेल्या माणसाला हुकमाशिवाय हात उचलता येत नाही. साहेबलोक उंटावरून शेळ्या हाकतात, आणि खाली शेळी खड्ड्यात चालली तरी काठी विचारत बसते.

एका हातात फोन, दुसऱ्या हातानं लेकीची पाठ. आठ वेळा लावला तिनं. नवव्यांदा लावायला वेळच मिळाला नाही.

मुलगी झाली. लहानगी, लांब बोटांची. आणि रडली नाही.

मुन्नीबाईनं फोन टाकला. पदरानं पुसलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, तोंडातली घाण बोटानं काढली. सगळं येत होतं तिला, सगळं बरोबर करत होती. पोर निळसर, एकदाच आचका दिला, पुन्हा गप्प. तेवढ्यात फोन वाजला. फरशीवर रांगोळीत पडलेला फोन. सिस्टर. मुन्नीबाई ओरडली, की खोली उघडू का, चंचलची झाली, बाळ रडत नाही.

"अरे, तो खोलो ना मुन्नीबाई!" पलीकडून सिस्टर किंचाळली. "ये भी कोई पूछने की बात है?"

नवं कुलूप, ओले हात. गोफाची गाठ सुटेना, सुटली तर किल्ली फिरेना. आत गेली तर यंत्र झाकलेलं, पिन काढून ठेवलेली. पिशवी कंपनीच्या प्लास्टिकमध्ये जशीच्या तशी, तपासणीत नवी दिसावी म्हणून. तिनं दातानं फाडली. मग नव्या गादीवर नात ठेवून ती पिशवी दाबत राहिली, समोरच्या भिंतीवरचं स्वतः चिकटवलेलं चित्र बघत. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. पोरीची छाती हलायची ती पिशवीच्या हवेनं. स्वतःहून हलली नाही. बाहेर व्हरांड्यात चंचल विचारत होती, की रडली का, माय, रडली का.

गाडी एक वाजता आली. बैल गेला नि झोपा केला. चंचलला घेऊन गेली, तिच्या जिवाला धोका नव्हता.

दुपारी कालव्याच्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली केशोरावनं खड्डा खणला. बावीस वर्षं त्या घरचं पाणी न पिणारा माणूस कुदळ घेऊन आपणहून आला होता. जेठानं धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. म्हणून तो खड्ड्याकडं बघत बोलला. "जागा तं आपलीच होती. आपल्याच जागेवर कायले विचारा लागते?"

 

चार वाजता सिस्टर आली. मुन्नीबाईच्या गळ्यात पडून खरंखुरं रडली. मग डोळे पुसले आणि रजिस्टर काढलं. हळू आवाजात तिनं समजावलं, की इथं झालं असं लिहिलं तर खोली बंद का होती ते विचारतील. वाटेत झालं असं लिहू. मेलेलंच जन्मलं असं लिहू. दोघींची नोकरी राहील. आणि मुन्नीबाई, मी तर उघडा म्हणाले होते ना? हे शेवटचं तिनं दोनदा विचारलं. मुन्नीबाईनं दोनदा मान हलवली आणि सही केली. खरंच होतं ते. तेच तर जाळत होतं. विचारायचीच गरज नव्हती, आणि विचारलं म्हणून नात गेली.

चंचल वरच्या दवाखान्यात खाटेवर होती. रोशन पोचला होता. संध्याकाळी मुन्नीबाई डब्यात पातळ भात घेऊन गेली तर चंचलनं तोंड भिंतीकडं केलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुवारी सिस्टरनं निरोप पाठवला, की दोन तासच या, किल्ली तुमच्याजवळ आहे. मुन्नीबाई गेली. का गेली, विचारू नका. सुतक आहे म्हणून घरी बसली असती तर कोणी काही म्हणालं नसतं. पण व्हरांडा कालपासून तसाच होता, आणि तिच्या पोरीचं रक्त दुसऱ्या कोणी पुसावं हे तिला सहन झालं नसतं. तिनंच पुसलं. गादी उन्हात घातली, तिच्यावर या वेळी डागही पडला नव्हता. एवढीशी तर होती पोर. आशाताईनं पुन्हा रांगोळी काढली, कमळ वेडंवाकडं आलं.

पथकातल्या बाई मनमिळाऊ होत्या, बोलणं नागपूरकडचं. हातात कागदांचा गठ्ठा. पाणी कुठून येतं, कचरा कुठं जातो, औषधांच्या तारखा, सगळं एकेक विचारत, खुणा करत त्या बाळंतपणाच्या खोलीपाशी आल्या. मुन्नीबाईनं कुलूप काढलं. आत सगळं चकचकीत. पिशवी कालच फोडलेली, सिस्टरनं धुवून ट्रेमध्ये ठेवलेली. बाईंनी ती उचलून बघितली, वापरातली दिसते म्हणून खूश झाल्या. नाहीतर ठिकठिकाणी आपलं प्लास्टिकमध्येच असतं, म्हणाल्या.

मग त्यांनी कागदावर बोट ठेवून पुढचा प्रश्न वाचला. खोली चोवीस तास उघडता येते का, आणि किल्ली कोणाकडं असते? सिस्टर बोलायला पुढं झाली, तर बाईंनी हातानं थांबवलं. हा प्रश्न परिचरालाच विचारायचा असतो म्हणे. त्या मुन्नीबाईकडं वळल्या.

"मावशी, तुम्ही सांगा. किल्ली कोणाजवळ असते?"

मुन्नीबाईनं कमरेला हात लावला. सिस्टरचा चेहरा पांढरा पडला होता. मुन्नीबाईनं तिच्याकडं बघितलंच नाही, ती भिंतीवरच्या चित्राकडं बघत होती.

"माह्याजवळ असते, जी," ती म्हणाली. "चोवीस तास. काल बी माह्याजवळच होती."

"छान," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी दोनपैकी दोन गुण लिहिले.